उजवा अंगठा, डावा अंगठा

गिरडच्या टेकडीवर दगड वेचायला जाणं हा आमचा पोरपणाचा उद्योग. वर्धा जिल्ह्यातलं, समुद्रपूर तालुक्यातलं हे गाव. टेकडीवर ख्वाजा शेख फरीदबाबाचा दर्गा आहे. तिथं मुसलमान जातो, हिंदू जातो आणि १९५६ नंतर बौद्ध झालेल्या आमच्या घरातल्या बुढ्याही नवस फेडायला गुपचूप जात. टेकडीवर गोल, लांबट, वाणावाणाचे दगड सापडतात. कोणी म्हणतो नारळ, कोणी म्हणतो सुपारी. इंग्रजी अमलातल्या गॅझेटियरात त्याची गोष्ट छापली आहे. बाबा १२४४ च्या सुमाराला इथं येऊन बसले. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी त्यांची टवाळी केली. बाबांनी त्यांच्या मालाचे दगड केले. व्यापारी पाया पडले, तेव्हा वाळक्या पानांतून नवा माल करून दिला. ते दोघे मग तिथंच राहिले, आणि टेकडीवरच्या दोन कबरी त्यांच्याच म्हणून सांगतात. शास्त्रवाला सांगतो की हे झिओलाइट. काळ्या खडकाच्या पोकळ्यांत पाणी झिरपून झिरपून तयार झालेलं.

शास्त्रवाल्याचं खरं आहे. पण गोष्टीतली एक खूण मला आजही सुटत नाही. जिवंत माल दगड होतो आणि हजार वर्षं लोक तो दगड खिशात घालून हिंडतात. पोथ्यांतल्या माणसांचं असंच झालं. एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा पोथीत दगड करून ठेवला होता. सगळ्यांनी तो पाहिला, हाताळला, देव्हाऱ्यातही ठेवला. तो जिवंत होता हे कोणी बोललं नाही.

त्या पोराचं नाव एकलव्य.

मला तो पहिल्यांदा भेटला तिसरी-चौथीत. मास्तरांनी गोष्ट सांगितली, फळ्यावर लिहिलं, ‘गुरुभक्ती’. गोष्टीचं तात्पर्य पाठ करायला सांगितलं. आम्ही मागच्या बाकावरची चार-पाच पोरं. तात्पर्य पाठ केलं, मार्क घेतले. कोणाच्या मनात आलं नाही की हा गुरू काहून मागतो, आणि मागायचंच होतं तर अंगठाच काहून?

त्याच शाळेत माझं नाव घातलं त्या दिवशी बाबांनी कागदावर अंगठा दिला होता. शाईचं पॅड समोर सरकवलं, बाबांचा डावा हात कोणीतरी धरला, अंगठा टेकवला, दाबला, उचलला. बाबांनी शाई डोक्याच्या केसांना पुसली. अंगठा देणारी सगळीच माणसं शाई केसांना पुसतात, हे मी पुढं कितीदा पाहिलं! त्या दिवशी वर्गात एक अंगठा होता आणि कागदावर दुसरा. या दोहोंचा काही संबंध असेल हे कळायला मला पुढची वीस वर्षं लागली.

आता पोथी नीट वाचू. आपल्याला गोष्टी ऐकून रागवायची सवय आहे. वाचून रागवलं तर राग टिकतो.

महाभारताच्या आदिपर्वात हा पोरगा येतो. निषादांचा राजा हिरण्यधनू याचा हा मुलगा. म्हणजे भिकारी नाही, दासही नाही. राजाचाच पोरगा, पण निषादांच्या राजाचा. द्रोणाकडं धनुर्विद्या शिकायला येतो. द्रोण त्याला घेत नाही. कारण पोथीनं लपवलेलं नाही. तो निषादाचा आहे म्हणून, आणि बाकीच्या शिष्यांचा विचार करून. म्हणजे प्रवेश नाकारताना गुणवत्तेचा प्रश्नच नव्हता. परीक्षा घेतलीच नाही. पोरगा पाया पडून रानात जातो. मातीचा द्रोण करतो, त्याच्यासमोर सराव करतो. एक दिवस कौरव-पांडव शिकारीला येतात, त्यांचा कुत्रा याला पाहून भुंकतो. हा त्या कुत्र्याच्या तोंडात एकदम सात बाण मारतो. अर्जुनाला घाम फुटतो. तो गुरूला एकांतात गाठून म्हणतो, तुम्ही तर मला शब्द दिला होता, माझ्याहून वरचढ तुमचा शिष्य नसेल. मग द्रोण अर्जुनाला घेऊन रानात जातो आणि दक्षिणा मागतो. उजवा अंगठा.

इथं थांबा. जो शिकवलाच नाही, त्याच्याकडून फी घेतली. फी मागायला मात्र गुरूला रानाचा रस्ता सापडला. वर्गात जागा नव्हती, पावती पुस्तकात होती.

पोरगा अंगठा कापून देतो, हसत देतो. पोथी पुढं सांगते की नंतरही तो बाण मारत राहिला, बोटांनी. पण पहिली चपळाई राहिली नाही. आणि अर्जुनाचा जीव भांड्यात पडला. गोष्ट सांगणारे मास्तर अंगठ्यावर थांबतात. तो बोटांनी मारत राहिला, हे वाक्य मला शाळेत कोणी सांगितलं नाही.

पुढचं तर आणखीच कोणी सांगत नाही. सभापर्वात युधिष्ठिराच्या राजसूयात हा निषाद राजा हजर आहे. दुर्योधन बापाला जळफळून सांगतो की कोणत्या राजानं काय आणून दिलं. कोणी रथ, कोणी धनुष्य, कोणी भाता. एकलव्याच्या नावावर जोडे. अंगठा कापल्यावर त्याच्या वाट्याला कोणतं काम आलं ते पाहा, आणि आपल्या गावात जोडे कोणाच्या वाट्याला होते तेही आठवा. मी ओढून ताणून काही जुळवत नाही, पोथीनंच जुळवून ठेवलं आहे.

आणि द्रोणपर्वात कृष्ण अर्जुनाला काय सांगतो? अंगठ्यासकट एकलव्य असता तर देव-दानवांनाही आवरला नसता. तुझ्या भल्यासाठीच द्रोणानं गुरूपणाचं सोंग घेऊन, कपटानं, त्याचा अंगठा काढून घेतला. आणि नंतर मी त्याला मारला, तेही तुझ्यासाठी. म्हणजे ज्याला शाळेत ‘गुरुभक्ती’ म्हणून शिकवलं त्याला खुद्द पोथीतला देव कपट म्हणतो. आपण विद्रोही कविता लिहून जे सांगतो ते व्यासाच्या कारखान्यातच लिहून ठेवलेलं होतं. फक्त त्या पानावर कोणी बोट ठेवत नव्हतं.

हरिवंशवाल्यांना तर हा पोरगा निषादाचा असणंच सहन झालं नाही. त्यांनी त्याला वसुदेवाचा भाऊ देवश्रवा याचा मुलगा करून टाकला, निषादांनी फक्त वाढवलेला. एवढी विद्या रानातल्या रक्तात कशी येणार? तेव्हा रक्त बदला! ही युक्ती जुनी आहे. आपल्यातला कोणी पुढं गेला की त्याची आई किंवा आजी कोणत्या वाड्यात कामाला होती याची कुजबूज आजही चालते.

याला जागं कोणी केलं? पोथी वाचणाऱ्यांनी नाही. ज्यांना वाचू दिलं जात नव्हतं ते वाचायला लागले, तेव्हा तो जागा झाला. वाट फुल्यांनी दाखवली. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी पाताळात दडपलेला बळी वर काढला आणि पुराणाची उलट तपासणी कशी करायची ते शिकवलं. बाबासाहेबांना मुंबईच्या शाळेत संस्कृत शिकू दिलं नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. मागाहून ते संस्कृत स्वतः शिकले आणि पोथ्यांच्या मुळाशी गेले. शिक्षकानं नाकारलेली विद्या स्वतःच्या जिवावर मिळवणारा हा आपल्या माहितीतला पहिला पुरा एकलव्य. फरक एकच. अंगठा मागायला द्रोण आले तेव्हा यानं दिला नाही.

मग १९७२ ला पँथर आली. त्याच्या मागंपुढं ‘अस्मितादर्श’सारख्या नियतकालिकांतून, आमच्यासारख्या सायक्लोस्टाइल पानांतून आपल्या पोरांनी लिहायला सुरुवात केली. शंबूक, कर्ण, एकलव्य अशी पोथीत गारठलेली मंडळी एकामागून एक उठून बसली. शंबूक तर आमच्या शेजारचा. नागपूर जिल्ह्यातल्या रामटेकच्या गडावर धूम्रेश्वराचं लिंग दाखवतात, ते त्याचंच म्हणतात. पण शंबूकाची मान उडाली, तिथं गोष्ट संपली. एकलव्य जिवंत राहिला. म्हणून तो तरुण पोरांना जवळचा वाटला. वसतिगृहात पत्र्याच्या पेटीवर बसून अभ्यास करणाऱ्या पोराला शंबूक होऊन चालत नव्हतं. त्याला परीक्षा द्यायची होती.

एक गोष्ट कबूल करायला पाहिजे. एकलव्य आपला एकट्याचा नाही. तो महार नाही, मांग नाही, चांभार नाही. तो निषाद आहे. भिल्ल त्याला आपला म्हणतात. उत्तरेतले मल्लाह, निषाद आपला म्हणतात. फुलनदेवी १९९४ ला तुरुंगातून सुटली आणि तिनं जी संघटना काढली तिचं नाव एकलव्य सेना. आपण आपल्या कवितेत त्याला घेतलं हे बरं केलं, पण त्याचा सातबारा आपल्या नावावर चढवायची घाई नको. आपल्या वस्तीत जितक्या सभा झाल्या त्यांत एक तरी गोंड किंवा कोलाम पोरगा मंचावर बसवला का, ते आधी आठवावं.

जागा झालेला हा पोरगा आताच्या दुनियेत कसा वावरतो, ते पाहण्यासारखं आहे.

भारत सरकारनं १९६१ ला खेळाडूंसाठी अर्जुन पुरस्कार काढला. १९८५ ला प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार काढला. शिष्य झाला, गुरू झाला. तिसरा राहिला. मध्य प्रदेशानं एकलव्य पुरस्कार दिला तो लहान वयाच्या खेळाडूंना, मोठे झाले की विक्रम पुरस्कार. म्हणजे हा कायमचा धाकटा. आपल्या महाराष्ट्रानं त्याचं नाव दिलं ते अपंग खेळाडूंच्या पुरस्काराला. ज्यानं कोणी ही नावं सुचवली त्याच्या मनात वाईट काही नसेल. पण अंगठा कापणाऱ्याच्या नावानं ब्राँझचा पुतळा आणि कापून घेतलेल्याची गणना अपंगांत, हे सरळ फायलीतून पास होतं. २०१६ साली गुडगावचं गुरुग्राम झालं, द्रोणाच्या नावानं. त्याच शहरात खांडसा गावी एकलव्याचं एक लहानसं देऊळ आहे, अंगठा इथंच कापला असं तिथले लोक सांगतात. गावाला नाव गुरूचं, अंगठा पोराचा.

आदिवासी मुलांसाठी केंद्रानं १९९७-९८ पासून निवासी शाळा काढल्या, त्यांना एकलव्याचं नाव दिलं. नाव देताना कोणी विचार केला असेल का? ज्याला शाळेत घेतलं नाही त्याच्या नावाची शाळा. चांगलं आहे. फक्त तिथल्या पोरांना गोष्ट कोणती सांगतात ते जाऊन ऐकायला पाहिजे. मध्य प्रदेशातच १९८२ मध्ये विज्ञान शिकवणाऱ्या काही मंडळींनी आपल्या संस्थेचं नाव एकलव्य ठेवलं. घोकण्यापेक्षा पोरांनी स्वतः करून पाहावं, हे त्यांचं म्हणणं. त्यांनी त्या पोराची विद्या उचलली, अंगठा नाही. मला हा अर्थ जास्त पटतो.

आणि धनुष्याचं काय? आजच्या ऑलिम्पिकच्या मैदानावर तिरंदाज दोरी कशी ओढतो ते पाहा. तर्जनी बाणाच्या वर, दोन बोटं खाली. अंगठा नुसता बाजूला. तीन बोटांची ही रीत आज जगभर आहे. अंगठ्यानं दोरी ओढण्याची रीत तुर्कांची, मंगोलांची, चिन्यांची. अंगठा कापल्यावर पोरगा बोटांनी बाण मारू लागला असं पोथी सांगते, आणि भिल्ल सांगतात की आम्ही त्याच्यापासून अंगठा लावत नाही. आज सगळी दुनिया त्याच्यासारखी बाण मारते. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातला लिंबाराम नावाचा आदिवासी पोरगा बांबूच्या धनुष्यावर शिकला, तीन ऑलिम्पिक खेळला. १९९१ ला त्याला सरकारनं पुरस्कार दिला. कोणता? अर्जुन.

बोटांचं हे असं झालं. आता अंगठ्याकडं येतो, कारण अंगठा कापून संपला नाही.

आपल्या जुन्या कागदांवर न लिहिणारा माणूस निशाणी करायचा. कुणब्याची निशाणी नांगर. मग इंग्रज आला. १८५८ साली बंगालात हर्शेल नावाच्या साहेबानं राज्यधर कोनाई या ठेकेदाराच्या हाताला शाई लावून कराराच्या कागदावर पंजा उमटवून घेतला. माणूस उलटू नये म्हणून. पुढं त्याचं शास्त्र झालं, १८९७ ला कलकत्त्याला बोटांच्या ठशांची कचेरी उघडली. तिकडं १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या होत्या. ठसे हाताशी आल्यावर त्यांची बोटं नोंदवणं सोपं झालं. तो कायदा १९५२ ला गेला. ठसे गेले नाहीत. सावकाराच्या रोख्यावर, शेताच्या खरेदीखतावर, सालगड्याच्या कागदावर ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’. काय लिहिलंय ते अंगठा देणाऱ्याला माहीत नसे. १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खाती-रोखे काढून जाळले ते उगाच नाही. माणसाला आपला अंगठा परत पाहिजे होता.

द्रोणानं उजवा घेतला, कागदानं डावा.

म्हणून ‘अंगठाबहाद्दर’ ही शिवी झाली. म्हणून ‘शिका’ हा शब्द आमच्या आईबापांच्या काळजात गेला. सही म्हणजे अंगठा परत मिळणं. माझी माय कापूस वेचायची. हिंगणघाटच्या बाजारात जो कापूस नावाजला गेला, तो वेचणाऱ्या हातांतले तिचे दोन. १९८८ ला राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं, त्याच्या पुढच्या वर्षांत आमच्या वस्तीतही रात्रीचे वर्ग भरले. मी पुतळ्याजवळच्या ओट्यावर तिला कंदिलाच्या उजेडात पाटीवर स्वतःचं नाव गिरवताना पाहिलं आहे. तीन महिने गिरवलं. मग एक दिवस कुठल्याशा कागदावर तिनं सही केली आणि समोरच्या बाबूनं सवयीनं पॅड पुढं सरकवलं होतं ते हातानं मागं लोटलं. “मले येते सही,” म्हणाली. घरी येऊन दोनदा तीच गोष्ट सांगितली.

ओट्याजवळचा तो पुतळा बाबासाहेबांचा. निळा कोट, हातात ग्रंथ, बोट वर. त्यावर बोलल्याशिवाय एकलव्याचं पुरं होत नाही. कारण पुतळ्यासमोर शिकणारे आपणही आहोत. बाबासाहेबांनीच सांगितलं होतं की माझे गुरू तीन, बुद्ध, कबीर आणि फुले. तिघांपैकी एकालाही त्यांनी पाहिलं नव्हतं. तिघंही त्यांच्या जन्माआधी गेलेले. मातीचे गुरूच म्हणा. पण माती शिकवत नाही. एकलव्याला मातीच्या द्रोणानं काही शिकवलं नाही, त्याच्या सरावानं शिकवलं. हे त्याला कळलं असतं तर दक्षिणेचा प्रश्नच उद्भवला नसता. त्याची चूक होती ती एवढीच. आणि आपली? २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी बजावलं की राजकारणातली भक्ती हा अधोगतीचा आणि हुकूमशाहीचा रस्ता आहे. आपण त्यांच्याच पुतळ्याला हार घालतो आणि ओट्यावरचा वर्ग बंद पडला तेव्हा कोणी चौकशीही करत नाही. आमच्या ओट्यावर आता पत्ते चालतात. पुतळ्याभोवती ग्रील मात्र नवी बसली.

आता शेवटची गोष्ट. २९ सप्टेंबर २०१० ला आधारचा पहिला क्रमांक वाटला तो आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला. आदिवासींच्या गावात. देशाच्या पंतप्रधानांनी स्वतः येऊन वाटला. म्हणजे यंत्रानं दहा बोटं मागितली ती आधी एकलव्याच्या मुलखात. पुढं रेशनच्या दुकानात यंत्र आलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या निकालात म्हटलं आहे की ठसा जुळला नाही म्हणून कोणाचा लाभ अडू नये. निकाल दिल्लीत असतो, यंत्र दुकानात असतं.

माय आता ऐंशीच्या पुढं आहे. पन्नास वर्षं पऱ्हाटीच्या काट्यांत, मातीत, राखेत घासून तिच्या बोटांवरच्या रेघा पुसल्या. एका दुकानात मी तिच्यासोबत गेलो होतो. यंत्रावर उजवा अंगठा ठेवला. जुळला नाही. डावा ठेवला. नाही. दुकानदार वाईट माणूस नव्हता. म्हणाला, “आजी, हात धुऊन या.” धुतले, पदराला पुसले, पुन्हा ठेवला. नाही. मागं रांग. मग माय मला म्हणाली, “बाबू, याले सांग ना, मले सही येते म्हणून.”

सांगितलं. दुकानदार हसला. “सही नाही चालत, आजी. अंगठाच लागते.”

तिनं माझ्या खिशातला पेन काढला. समोर पडलेल्या जुन्या पावतीच्या पाठीवर, हात थरथरत होता तरी, वळणदार अक्षरांत पुरं नाव लिहिलं आणि ती पावती यंत्राच्या शेजारी ठेवून दिली.